सुजाताच्या फॉर्मवर मी 'नाही' लिहिलं

१२ मार्च १९९६, मंगळवार
सुजूच्या शाळेत मीटिंग. ऑफिसातून दोन तास सुट्टी. वैशाली आधीच पोचली होती. टेबलाला पाच बायका आणि मी एकटा पुरुष, खुर्च्या पहिलीच्या मुलांच्या मापाच्या. गुडघे हनुवटीला.

मुद्दा तोच. सुजूच्या डोक्यात अक्षरं टिकत नाहीत. काल आलेला शब्द आज ओळखीचा नसतो. रोज चाळीस मिनिटं मिस डोरीन तिला वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत नेतात. पुढच्या वर्षी दुसरीतही हेच चालू ठेवायचं म्हणतात. मिस डोरीन म्हणाल्या, "शी इज ब्राइट. शी जस्ट नीड्स अ डिफरंट डोअर." वै. मान हलवत होती. मी सही केली, पण मनातून नाही.

निघताना ती खोली पाहिली. दाराला उभी काच. आत चार मुलं. बाहेरून जाणारं प्रत्येक पोर आत डोकावून जातं.

अप्पा त्यांच्या गावच्या शाळेत व्हरांड्यात बसून शिकले. आत मास्तर, बाहेर हे. त्यांची नात ट्रॉय, मिशिगनमध्ये वर्गाबाहेर. वै.ला म्हणालो तर म्हणाली, "ते वेगळं, हे वेगळं. तिथं हाकललं होतं, इथं शिकवायला नेतात." बरोबर असेल. मला मात्र ती दाराची काचच दिसत राहते.

२४ मार्च, रविवार
मंडळाचा पाडवा. श्रीखंड संपेपर्यंत रांग. परांजपेकाका भेटले. डॉक्टर, आता रिटायर्ड, पंचवीस वर्षं इथेच. नवी शाळा निघतेय म्हणाले, चार्टर, म्हणजे पैसा सरकारचा, कारभार शाळेचा स्वतःचा. युनिफॉर्म, रोज होमवर्क, पाढे पाठ. "अरे, अगदी आपल्या शाळांसारखी. शिवाय फुकट. नातवाचं नाव मी घातलंसुद्धा."

काकांचं 'आपल्या' आणि माझं 'आपल्या' एकच असेल असं नाही. पण युनिफॉर्म म्हटल्यावर कान टवकारले. सगळे एकसारखे, कुणाला उठवून नेणं नाही.

१३ एप्रिल, शनिवार
माहितीची सभा. इमारत म्हणजे गालिच्यांची जुनी शोरूम. अजून भिंती उभ्या राहतायत, पण मुख्याध्यापिका मिसेस कार्व्हर उभ्या राहिल्या की शाळा पूर्ण झाल्यासारखी वाटते. काय बोलतात! शिस्त, मूल्यं, पालकांची भागीदारी. माझ्यासारखे ऐंशी-नव्वद आईबाप, सगळे माना डोलावतायत.

प्रश्न विचारा म्हणाल्या. वै.ने विचारलं, बस असेल का? नाही, पालकांनीच पोचवायचं. मी काय विचारलं? युनिफॉर्मचा रंग. गडद निळा.

९ मे, गुरुवार
जागा कमी, अर्ज जास्त म्हणून लॉटरी. डब्यातून चिठ्ठ्या. सुजूचा नंबर एकतिसावा निघाला. वै.चा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बारावीच्या लिस्टमध्ये नाव सापडल्यासारखा आनंद. मागे एक बाई रडत होती, तिच्या मुलाचं नाव नाही लागलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी सुजूला सांगितलं. "विल मिस डोरीन बी देअर?" नाही, म्हटलं, तिथे तशी गरजच नाही. तिने "ओके" म्हटलं आणि टीव्हीकडे वळली.

१६ मे, गुरुवार
प्रवेशाचा फॉर्म. सहा पानं. मीच भरतो सगळे फॉर्म, वै.ला कंटाळा.

चौथ्या पानावर: मुलाला याआधी विशेष शैक्षणिक सेवा मिळाल्या आहेत का? हो. नाही. शेजारी दोन चौकोन.

वै. म्हणाली, "हो करा ना. त्यांना कळायला नको?"
मी म्हटलं, कळलं की संपलं.
"काय संपलं? लॉटरी लागली आहे, जागा मिळाली आहे."
"मिळालेली जागा जाते कशी ते तुला माहीत नाही."

आवाज चढला. सुजू दारात येऊन उभी राहिली, परत गेली.

तिला माहीत नाही असं नाही. पण नागपूरला हॉस्टेलच्या रांगेत मी होतो, ती नव्हती. जातीचा रकाना भरलेला माझा फॉर्म कारकुनाने मोठ्याने वाचला होता. पुढच्या-मागच्यांनी माना वळवल्या. खोली मिळाली, पण चार वर्षं त्या माना वळलेल्याच राहिल्या. अप्पा तेव्हाच म्हणाले होते, कागदावर मागतील तेवढंच लिहायचं, आणि तेही जमेल तितकं कमी.

'नाही'वर खूण केली. खाली सही. जुन्या शाळेकडून कागद मागवायला हरकत नाही, त्यावरही सही. म्हणजे एका पानावर लपवलं आणि दुसऱ्या पानावर कपाटाची किल्ली दिली! हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. बदलत नाही. मागवतील तेव्हा बघू.

१२ जून, बुधवार
जुन्या शाळेचा शेवटचा दिवस. मिस डोरीन गाडीपर्यंत आल्या. "नव्या शाळेतल्या टीचरला मला फोन करायला सांगा. शी इज राइट ऑन द एज, वाचायला लागेलच. आत्ता सोडू नका." ऑफ कोर्स, म्हणालो. हात मिळवला. सुजूने त्यांच्या कमरेला मिठी मारली ती सोडेना.

सांगायचं कोणाला? फॉर्मवर 'नाही' आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार
पहिला दिवस. निळा पिनाफोर, पांढरा शर्ट, दोन वेण्या. फोटो काढले, नागपूरला अप्पांना पाठवायचे. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत, पाऊण तास गेला. ऑफिसात उशीर. सुजू दारातून आत गेली ती इतर मुलांत ओळखू येईना. मला तेच हवं होतं.

६ ऑक्टोबर, रविवार
आज लिहायलाच हवं. सुजूने पुस्तक वाचून दाखवलं! बेडकाची गोष्ट, अख्खी, घडाघडा. रोज वै. आधी एकदा वाचते, मग ती वाचते. टीचरसुद्धा खूश. वर्गात एक मूल मोठ्याने वाचतं आणि मग बाकीचे तेच पान वाचतात.

लगेच अप्पांना फोन. त्यांनाही ऐकवली. सातासमुद्रापलीकडून अप्पांना इंग्रजी किती कळलं कोण जाणे, पण म्हणाले, "पोरीचं पाठांतर तुझ्यापेक्षा बरं." बुद्धवंदनाही ती अशीच म्हणते, पाली कळत नसताना, एक अक्षर न चुकता. घरी कार्यक्रम असला की तिलाच पुढे बसवतात.

वै.ला म्हटलं, बघ. तिने पुस्तक हातात घेऊन मधलंच एक पान उघडून पाहिलं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सुजूची टीचर शाळा सोडून गेली. कारण सांगत नाहीत. पंचविशीतली होती, पहिलीच नोकरी. जागी सबस्टिट्यूट. दुसरीच्या दुसऱ्या वर्गाचीही गेली म्हणे. शाळा कोण चालवतं ते आज कळलं: दुसऱ्या राज्यातली एक कंपनी. मी समजत होतो मिसेस कार्व्हर चालवतात.

ऑफिसात गाडीच्या सीटच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट बदलायचा तर चार जणांच्या सह्या आणि तीन आठवड्यांची टेस्ट. मुलीची शाळा बदलली एका सहीत.

८ डिसेंबर, रविवार
दुपारी सुजू सोफ्यावर वाचत होती. मी शेजारी, पेपर घेऊन. छान चाललेलं, आवाजात चढउतार, बेडूक बोलतो तेव्हा बेडकासारखा आवाज.

सहज पुस्तकाकडे नजर गेली. ती म्हणत होती तळ्याची गोष्ट. पानावर चित्र होतं बर्फातल्या बेडकाचं.

दोन पानं एकदम उलटली गेली होती. तिला कळलंच नाही. अक्षरांवरून बोट फिरत होतं, तोंडातून दुसरंच पान येत होतं.

मी हळूच म्हटलं, हा शब्द कुठला? तिने चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे. 'स्नो' लिहिलं होतं. चार अक्षरं. म्हणाली, "फ्रॉग?"

मग रडली नाही, काही नाही. म्हणाली, "आय नो द होल बुक, बाबा. यू वाँट मी टू से इट अगेन?"

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि उभा राहिलो. तीन महिने तिने एक अक्षर वाचलेलं नाही. वर्गात आधी वाचणाऱ्याचं ऐकून, घरी आईचं ऐकून, तसंच्या तसं. आणि मी फोनवर मिरवलं.

९ डिसेंबर, सोमवार
वै.ला माझ्या आधी कळलं होतं. ऑक्टोबरपासून संशय होता.
"मग बोलली का नाहीस?"
"बोलले होते. मे महिन्यात बोलले होते."

मग ती स्वयंपाकघरात गेली. पोळ्या करताना लाटणं जोरात आपटत होती. तिने ओरडायला हवं होतं.

१३ जानेवारी १९९७, सोमवार
मिसेस कार्व्हरना भेटलो. नाताळच्या सुट्ट्यांमुळे थेट आजची वेळ मिळाली. वै. सोबत. गाडीत पाठ केलं होतं काय बोलायचं, तरी आधी हवापाण्यावरच बोलत राहिलो. सांगितलं की फॉर्मवर मी खोटं लिहिलं.

त्यांनी फाइल मागवली. ऑफिसमधल्या बाईने खोका उघडला. जुन्या शाळेकडून आलेलं जाड पाकीट, सप्टेंबरचा शिक्का, न फोडलेलं. मिस डोरीनचं दोन पानी पत्रही त्यात. कुणी उघडलंच नाही, कारण फॉर्मवर 'नाही' होतं. चार महिने उत्तर खोक्यात पडून होतं.

मला वाटलं होतं संतापतील, शाळेतून नाव कमी करतील. म्हणाल्या, "पण आम्ही पब्लिक स्कूल आहोत, सरकारी पैशावर चालतो. आम्ही तिला तसंही घेतलंच असतं. घ्यावंच लागतं."

घ्यावंच लागतं. काय भीती होती मग मला? या देशात तो रकाना मदत द्यायला होता. मी त्याला नागपूरचा रकाना समजलो. पार्किंगमध्ये दहा मिनिटं गाडी सुरूच करता आली नाही. वै.ने हातावर हात ठेवला. महिन्यानंतर पहिल्यांदा.

२८ जानेवारी, मंगळवार
विशेष शिक्षिका मिळाली. फक्त मंगळवारी येतात, तीन शाळांत मिळून एकच. सुजूच्या वाट्याला आठवड्यात अर्धा तास, तोही सामानाच्या खोलीत, कारण दुसरी खोलीच नाही. मिस डोरीनकडे आठवड्याला दोनशे मिनिटं होती. आणि दाराला काच होती म्हणून मी...

पुरे.

८ फेब्रुवारी, शनिवार
परांजपेकाकांचा फोन. नातवाचं झकास चाललंय, तिसरीत असून चौथीचं गणित करतो. खरंच आनंद वाटला, खोटं नाही लिहीत. ज्याचं नीट चालतं त्याच्यासाठी शाळा वाईट नाही. काका म्हणाले, त्यांच्या ओळखीचं एक कुटुंब दुसऱ्या राज्यातल्या अर्विंगहून इकडे येतंय, मुलीला इथे घालायचं म्हणतायत, त्यांना जरा सांग. मग त्या घरातली बाई लाइनवर आली, काकांकडेच उतरली होती. नाव विचारायचं राहिलं.

"सर, काय काय बघायचं असतं?"

मी बोलत सुटलो. विचारा, शाळा कोण चालवतं, आणि चार्टरची सनद कुणी दिली. तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची. मागच्या वर्षी किती टीचर सोडून गेले. टीचरकडे लायसन्स आहे का. बस नाही, मग तुम्ही दोघं नोकरीवर असताना पोचवणार कोण. आजारी पडलं तर नर्स आहे का. विशेष शिक्षिका आठवड्यातून किती दिवस, आणि कुठल्या खोलीत बसतात ती खोली डोळ्यांनी बघा. सभेत छान बोलतात, ते ऐका, पण मग साध्या मंगळवारी जाऊन वर्गात बसा. मुलीची जुनी फाइल स्वतः हातात घेऊन जा, त्यांच्यासमोर उघडा.

ती लिहून घेत होती, पेनचा आवाज येत होता. मग म्हणाली, "आमच्या मुलीला थोडा ऐकण्याचा प्रॉब्लेम आहे. ते सांगायचं की नाही, तेच कळत नाही. हे म्हणतात नको."

मी म्हटलं, "ताई, सांगा. पहिल्याच दिवशी सांगा." तेच तीनदा म्हणालो, दर वेळी मोठ्याने. काकांनी फोन घेऊन विचारलं, काय रे, बरा आहेस ना? काकांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मला माहीत असतं तर मी ही शाळा सुचवलीच नसती रे." त्यांना तरी मी कुठे सांगितलं होतं?

४ मार्च, मंगळवार
मिसेस कार्व्हरनी बोलावलं. गोड आवाज. सुजाता फार लाघवी आहे. पण ही शाळा तिच्यासाठी 'राइट फिट' आहे का, याचा आपण सगळ्यांनी विचार करावा. तिसरी अवघड असते, परीक्षा असतात.

जानेवारीत घ्यावंच लागतं म्हणाल्या होत्या. मार्चमध्ये ठेवणं अवघड झालं. वै. ताडकन म्हणाली, "तुम्ही काढू शकत नाही. पब्लिक स्कूल आहात." तिने लायब्ररीत बसून कायदा वाचलाय, राज्याच्या ऑफिसला फोन केलेत. मिसेस कार्व्हर म्हणाल्या, काढायचा प्रश्नच नाही, निर्णय तुमचा.

गाडीत आम्ही दोघं. भांडलो तर राहू शकते. राहिली तर आठवड्याला अर्धा तास. वै. म्हणाली, "हक्काचं आहे म्हणून भांडू की पोरगी वाचेल म्हणून परत नेऊ?" मी म्हटलं तू सांग. ती म्हणाली, "या वेळी तुम्ही सांगा. आणि खरं सांगा."

परत नेऊ, म्हटलं.

१७ मार्च, सोमवार
जुन्या शाळेत गेलो. घेतात, आनंदाने घेतात. पण गेल्या वर्षी सही केलेल्या मदतीच्या कागदाची मुदत संपली. नव्याने तपासणी, मग मीटिंग, मग मदत. सगळं होईपर्यंत शाळेचं वर्ष संपत आलेलं असणार.

मिस डोरीन नाहीत. दुसऱ्या शाळेत बदली. निरोप ठेवून आलो. काय निरोप? फक्त नाव लिहिलं, सुजाताचे वडील. पुढे काय लिहायचं ते सुचेना.

अप्पांना फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मी तुला चुकीचं शिकवलं का रे?" नाही म्हटलं. त्यांना त्यांच्या वेळी दुसरं काय शिकवता आलं असतं? आणि मला मात्र दुसरं काही करता आलं असतं.

२४ मार्च, सोमवार
सुजू जुन्या शाळेत, पहिला दिवस. तिच्या वर्गातली मुलं पुढे गेलीत. धड्यांची पुस्तकं जाडी. दुपारी घरी येऊन म्हणाली, पोट दुखतंय. उद्याही दुखेल म्हणाली.

सुजू वाचताना वै. बाजूला बसते, आधी वाचून दाखवत नाही. एका ओळीला पंधरा मिनिटं. सुजू घामाघूम. मी किचनमध्ये उगाच भांडी पुसत राहतो.

१० एप्रिल, गुरुवार
आज तपासणी. सकाळी साडेनऊ. वै.ला रजा नव्हती मिळत, तरी घेतली. तिघं कॉरिडॉरमध्ये बाकावर. सुजूने स्वतःच वेण्या घातल्या होत्या, एक वर एक खाली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

तपासणाऱ्या बाई बाहेर आल्या. साठीच्या, गळ्यात चष्मा. सुजूला म्हणाल्या, आत तू मला वाचून दाखवशील, नाही आलं तर फक्त "आय डोंट नो" म्हण, चालेल. आणि कागद आणायला पुन्हा आत गेल्या.

सुजू माझ्याकडे वाकली. कानात, मराठीत. ती मराठीत बोलते ते फक्त गुपित असेल तेव्हा.

"बाबा, मला येत नाही ते त्यांना सांगायचं की नाही सांगायचं?"

सांग, म्हटलं. सगळं सांग.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे आईकडे पाहिलं, खरं आहे का ते विचारायला. वै.ने मान हलवली, तेव्हा उठली.

दार लागलं. या दारालाही काच आहे. मी उठून पाहायला गेलो नाही. पाऊण तास आतून काही ऐकू आलं नाही. रिपोर्ट यायला सहा आठवडे लागतील म्हणाल्या. आत ती काय बोलली ते आम्ही विचारलं नाही, आणि घरी येईपर्यंत तिनेही सांगितलं नाही.